तीन लग्नांचा गुन्हा

बर्लिनच्या जुन्या राष्ट्रीय कलादालनात दोन बहिणींचा एक संगमरवरी पुतळा आहे. योहान गॉटफ्रीड शाडो या शिल्पकाराने तो घडवला आणि १७९७ साली पुरा केला. थोरलीने धाकटीच्या खांद्यावर हात टाकला आहे, धाकटीने तिच्या कमरेमागून हात घातला आहे. थोरली समोर बघते, धाकटीची मान किंचित झुकलेली. थोरलीच्या हनुवटीखालून एक पट्टा वर गेलाय. गळ्याला आलेली सूज झाकायला ती तो बांधायची म्हणतात.

आमच्या सहलीबरोबरच्या माणसाने या पुतळ्याला तीनेक मिनिटं दिली. ती जवळजवळ सगळी थोरलीला. ही लुईझे, प्रशियाची राणी, हिने नेपोलियनची भेट घेतली, ही अवघ्या राष्ट्राची आई. धाकटीच्या वाट्याला आलं एकच वाक्य, "आणि ही हिची बहीण फ्रेडरिका, हिची तीन लग्नं झाली!" घोळका हसला. मागून एका काकूंनी भर घातली, "म्हणजे दोन तर गिळलेच." घोळका आणखी हसला आणि पुढच्या दालनात गेला.

मी मागे रेंगाळले ते पुतळा बघायला नाही, राग आवरायला. तसा त्या माणसावर माझा राग नाही. त्याला ते वाक्य कुणीतरी दिलं, त्याला आणखी कुणीतरी. सव्वादोनशे वर्षं ते असंच या तोंडातून त्या तोंडात जातंय. बर्लिनच्या दरबारात ते होतं, लंडनच्या वर्तमानपत्रांत होतं, आणि भरपूर टिपा असलेल्या चरित्रांतही असतं. तिथे ते जरा शहाण्यासारखं बोलतं, एवढंच.

तेव्हा आधी आरोपपत्र नीट वाचून घेऊ. फ्रेडरिका मुळातच उठवळ. नवरा जाऊन वर्ष लोटतं न लोटतं तोच इंग्लंडच्या राजपुत्राला नादी लावलं. त्याला झुलवत ठेवलं आणि दुसऱ्याकडून दिवस गेले. मग अब्रू झाकायला घाईघाईने लग्न. तो नवरा नकोसा झाला, तर तो नेमका सोयीच्या वेळी मेला. तोवर तिने पहिल्या राजपुत्राचा सख्खा भाऊ गाठलेला होताच. शेवटी हनोवरचा मुकुटही पटकावला. एका आईच्या पोटच्या दोघी. थोरली तुळस निघाली आणि धाकटी भांग.

छान जमलंय. फक्त या गोष्टीतले पुरुष कुठे गेले? सहा-सात तरी असायला हवेत. मला ते शोधूनच काढावे लागले.

सुरुवातीपासून बघू. फ्रेडरिका १७७८ साली हनोवरमध्ये जन्मली. बाप मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झच्या घराण्यातला. चार वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. बापाने मेहुणीशी लग्न केलं, तीही सव्वा वर्षात बाळंतपणातच गेली. मुली डार्मस्टाटला आजीकडे वाढल्या. १७९० साली सम्राटाच्या राज्याभिषेकासाठी फ्रँकफुर्टला नेलं, तेव्हा दोघी बहिणी कवी गटेच्या आईकडे उतरल्या होत्या. त्या अंगणात एक पाण्याचा पंप होता. राजकन्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पंप पाहिला असावा, कारण त्या त्याला लटकून मनसोक्त पाणी उपसू लागल्या. सांभाळणाऱ्या बाईंचा जीव कासावीस. पण गटेच्या आईने त्यांना अडवून धरलं आणि पोरींना हवं तेवढं पाणी काढू दिलं. फ्रेडरिका तेव्हा बारा वर्षांची. तिला मनासारखं वागू देण्यासाठी कुणीतरी आडवं उभं राहिलं, असा एवढा एकच प्रसंग मला तिच्या लहानपणात सापडतो, आणि तिथेही उभी राहिली ती परक्या घरची बाई.

पुढे तीनच वर्षांनी, मार्च १७९३ मध्ये, त्याच शहरात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम याच्या नजरेस या दोघी पडल्या. राजाला पसंत पडल्या. राजाचे थोरले दोन मुलगे लग्नाचे होते. थोरल्याला थोरली, धाकट्याला धाकटी. एप्रिलमध्ये साखरपुडा, नाताळात लग्नं; २४ डिसेंबरला लुईझेचं, २६ला फ्रेडरिकाचं. फ्रेडरिका पंधरा वर्षांची, नवरा लुडविग वीस वर्षांचा. लुडविगचं मन बाहेर गुंतलेलं होतं आणि ते त्याने कधी लपवलंही नाही. तरी तीन वर्षांत तीन मुलं झाली. २८ डिसेंबर १७९६ रोजी लुडविग घटसर्पाने गेला. फ्रेडरिका अठराची होती आणि तिची धाकटी मुलगी तीन महिन्यांची.

हा पहिला 'गिळलेला' नवरा. घटसर्पाचा दोष बायकोच्या पायगुणाला देणारे आपल्याकडेही कमी नव्हते. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द मराठीने काही जर्मनीतून मागवलेला नाही. म्हणून तर काकूंना विनोद लगेच समजला.

या घरात नीतीचे धडे कोण देत होतं, तेही बघू. ज्या सासऱ्याने तिला पसंत केलं, त्याची लग्नाची बायको जिवंत होती, नांदत होती. तिच्या डोळ्यांदेखत त्याने १७८७ साली यूली फॉन फॉस हिच्याशी लग्न केलं. ती वारल्यावर १७९० साली सोफी फॉन ड्योनहोफशी. ही 'डाव्या हाताची लग्नं', म्हणजे बायको खरी पण राणी नव्हे. दरबारी धर्मगुरूंनी त्यांना बिनतक्रार मान्यता दिली. शिवाय विल्हेल्मीने एन्के नावाची कायमची प्रेयसी वेगळी, तिला पुढे सरदारकीचा किताब. म्हणजे आधीची बायको हयात असताना आणखी दोन लग्नं लावणारा सासरा इतिहासात 'रसिक, जरा दुबळा राजा' म्हणून जातो, आणि एक नवरा वारल्यावर दुसरा, दुसरा वारल्यावर तिसरा, अशी एकामागून एक रीतसर लग्नं करणारी सून उठवळ. हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

आता इंग्लंडच्या राजपुत्राला झुलवल्याची गोष्ट. तो अडोल्फस, केंब्रिजचा ड्यूक, तिचा सख्खा आतेभाऊ. फ्रेडरिकाची आत्या शार्लट १७६१ साली तिसऱ्या जॉर्जशी लग्न करून इंग्लंडची राणी झाली होती. अडोल्फस तिचा मुलगा. १७९७ मध्ये या दोघांचं जमलं, आपापसात ठरलं. पण १७७२च्या कायद्याप्रमाणे राजाच्या परवानगीशिवाय राजघराण्यातल्या कुणाला लग्न करता येत नव्हतं. अडोल्फसने बापाकडे परवानगी मागितली. बापाने नाही म्हटलं नाही. फ्रान्सशी चाललेलं युद्ध संपेपर्यंत थांबा म्हणाला.

हे 'थांबा' किती वर्षांचं होतं? मधली एक वर्षाची तकलादू शांतता सोडली तर ते युद्ध वॉटर्लूला संपलं, १८१५ साली. एकोणीस वर्षांच्या विधवेने सदतीस वर्षांची होईपर्यंत एका 'बघू'वर बसून राहायला हवं होतं, असं आरोप करणाऱ्यांचं म्हणणं आहे. अडोल्फसने बापाचा शब्द मोडला नाही, म्हणून तो सुपुत्र. तिने वाट पाहिली नाही, म्हणून ती दगाबाज. लग्न लांबवलं कुणी, हा प्रश्न लंडनमध्ये कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

मग १७९८. झोल्म्स-ब्राऊनफेल्सच्या घराण्यातला फ्रेडरिक विल्यम नावाचा लष्करी अधिकारी, आणि फ्रेडरिकाला दिवस गेले. हो, गेले. ही गोष्ट मी दडवणार नाही, तिच्या बाजूचे लेखक दडवतात तशी. ती वीस वर्षांची होती, एकटी होती आणि तिने चूक केली असं म्हणायचं तर म्हणा. पण पुढे तिने काय केलं ते बघा. अशा वेळी करायच्या गोष्टी दरबारांना पाठ होत्या. प्रकृतीचं कारण काढून दूरच्या गावी जायचं, मूल कुणाच्या तरी पदरात टाकायचं, सहा महिन्यांनी जरा रोड होऊन परत यायचं. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि कुणी काही बोलत नाही. फ्रेडरिकाने १० डिसेंबर १७९८ रोजी त्या माणसाशी लग्न केलं. फेब्रुवारीत मुलगी झाली. ती वर्षाचीही झाली नाही. राजाची, म्हणजे आता गादीवर आलेल्या दिराची, मर्जी खप्पा झाली आणि जोडप्याला बर्लिन सोडून अन्सबाखला जावं लागलं.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. फ्रेडरिकाचा गुन्हा प्रेमात पडण्याचा नव्हता. तो त्या दरबारात रोज होत होता. तिचा गुन्हा, तिने प्रत्येक वेळी लग्न केलं. जे नातं होतं ते चर्चमध्ये नेलं, वहीत नोंदवलं, सगळ्यांदेखत त्याचं नाव लावलं. चोरून केलं असतं तर ते मोजताच आलं नसतं. तिने आकडा कागदावर ठेवला आणि तोच तिच्या गळ्यात बांधला गेला.

दुसरा नवरा वाईट निघाला. दारू, ढासळलेली तब्येत. १८०५ साली सैन्यातून बाहेर पडला, आणि संसार बायकोच्या पैशावर चालू लागला. ती राहिली. मुलं झाली, काही गेली. (त्यांतला कार्ल पुढे टेक्सासला गेला आणि १८४५ साली तिथे जर्मन वस्ती वसवली, तिचं नाव न्यू ब्राऊनफेल्स. दारुड्या बापाच्या घराण्याचं नाव अमेरिकेत अजून पाटीवर आहे. आईचं नाव संग्रहालयात हशा मिळवतं.) १८१३ मध्ये आणखी एक आतेभाऊ, कंबरलंडचा ड्यूक अर्न्स्ट ऑगस्ट, स्ट्रेलिट्झला आला आणि तिच्या प्रेमात पडला. चेहऱ्यावर लढाईतल्या जखमेची खूण, एक डोळा अधू, जिभेला हाड नाही, आणि इंग्लंडमध्ये बदनाम. फ्रेडरिकाच्या बापाला स्थळ पसंत होतं. झोल्म्सपासून रीतसर घटस्फोट घ्यायचं ठरलं, आणि त्याला खुद्द झोल्म्सची हरकत नव्हती. तेवढ्यात, १३ एप्रिल १८१४ रोजी, तो वारला.

लगेच कुजबुज सुरू झाली, विषाची. पुरावा? 'सोयीचं होतं ना!' अहो, विष घालतं कोण? ज्याच्यापुढे दुसरा रस्ता नसतो तो. इथे नवरा स्वतः सही करायला तयार होता. नऊ वर्षांपूर्वी तब्येतीपायी नोकरी सोडलेला माणूस वारतो यात कोडं काय? पण मेलेल्या नवऱ्याच्या बायकोला आपलं निरपराधित्व सिद्ध करावं लागतं, ही चाल सगळ्या देशांत सारखी.

२९ मे १८१५ रोजी नॉयस्ट्रेलिट्झच्या चर्चमध्ये तिसरं लग्न झालं. इंग्लंडच्या कायद्यासाठी २९ ऑगस्टला लंडनच्या कार्लटन हाउसमध्ये तेच लग्न पुन्हा लागलं. राणी शार्लट दोन्हीकडे नव्हती. आणि १८१८च्या नोव्हेंबरमध्ये मरेपर्यंत तिने या सुनेला दारात उभं केलं नाही.

मराठी वाचकाला इथे थांबून विचार करायला हवा, कारण ही नाती आपल्याला इंग्रजांपेक्षा बरी कळतात. आत्याच सासू झाली. मुलाने मामाची मुलगी केली. आपल्याकडे कित्येक घरांत भावाची लेक सून म्हणून मागण्यात आत्याला मिरवायला मिळतं. शार्लटला मात्र भाचीचं तोंड बघायचं नव्हतं. कारण सांगितलं गेलं ते भाचीच्या वागणुकीचं. पार्लमेंटलाही तोच सूर सापडला. लग्नानंतर ड्यूकचा तनखा वाढवायचा ठराव आला आणि एका मताने पडला.

बरं, वागणूक. मग राणीसाहेबांच्या घरातली वागणूक तपासू. थोरला मुलगा, राज्य चालवणारा प्रिन्स रीजंट: १७८५ मध्ये मिसेस फिट्झहर्बर्टशी गुपचूप लग्न, दहा वर्षांनी ब्रुन्सविकच्या कॅरोलिनशी उघड लग्न, आणि दोघींशिवाय इतर अनेक. दुसरा, यॉर्कचा ड्यूक: त्याची प्रेयसी मेरी ॲन क्लार्क लष्करातल्या बढत्या विकत असल्याच्या आरोपावरून १८०९ साली पार्लमेंटमध्ये चौकशी झाली आणि सरसेनापतिपद सोडावं लागलं. तिसरा, क्लॅरेन्सचा ड्यूक: नटी डोरोथिया जॉर्डनपासून दहा मुलं. चौथा, केंटचा ड्यूक: मादाम द सँ-लोराँबरोबर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा संसार, लग्नाशिवाय. यांतल्या किती जणांना आईने दार बंद केलं?

एकालाही नाही. उलट १८१७ साली थोरल्याची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली, गादीला पुढच्या पिढीत औरस वारस उरला नाही, आणि उरलेल्या प्रौढ मुलांची लग्नाची धांदल उडाली. ११ जुलै १८१८ रोजी क्यूच्या राजवाड्यात क्लॅरेन्स आणि केंट या दोघांची लग्नं एकाच दिवशी लागली. शार्लट आजारी होती, तरी हजर राहिली. आणि केंटची नवी बायको कोण? कोबुर्गची व्हिक्टोरिया: जर्मन राजकन्या, लायनिंगेनच्या संस्थानिकाची विधवा, आधीच्या लग्नाची दोन मुलं असलेली. तिची मुलगी म्हणजे पुढची राणी व्हिक्टोरिया. म्हणजे विधवा चालते, पुनर्विवाह चालतो, पहिल्या घरची मुलं चालतात, जर्मन तर हवीच. मग भाचीचं नेमकं काय चालत नव्हतं? अडोल्फसला नाकारणं. त्या घरात दहा मुलांच्या आईला सोडून देणारा माफ होता. लाडक्या मुलाची वाट न पाहणारी मुलगी माफ नव्हती.

सासूबाईंच्या या रुसव्याला इतिहासकारांनी 'नैतिक भूमिका' म्हटलं आहे. आपल्याकडे त्याला मानपान म्हणतात.

फ्रेडरिकाचे कैवारीही मला फारसे भावत नाहीत, हे सांगून टाकते. त्यांच्या पुस्तकांत ती 'बिचारी' होते. पुरुषांच्या खेळातलं प्यादं, डोळे पाणावलेलं. ते खरं नाही. पंधराव्या वर्षी ती प्यादं होती. पस्तिसाव्या वर्षी नव्हती. तिसरं लग्न तिने स्वतःच्या डोक्याने केलं, लंडन नाक मुरडतंय हे दिसत असताना केलं, आणि सव्वीस वर्षं निभावलं. १८१९ साली बर्लिनला मुलगा झाला, जॉर्ज. व्हिक्टोरियापेक्षा तीन दिवसांनी लहान. पुढे त्याचे दोन्ही डोळे गेले, आणि तिने त्याला राजा होण्यासाठीच वाढवलं. १८३७ मध्ये चौथा विल्यम वारला, हनोवरच्या गादीवर बाई चालत नव्हती, म्हणून व्हिक्टोरियाला इंग्लंड मिळालं आणि अर्न्स्ट ऑगस्टला हनोवर. फ्रेडरिका राणी झाली ती अशी: एका मुलीला मुलगी म्हणून वगळलं गेलं त्या नियमाने. मुकुट पटकावला म्हणणाऱ्यांनी हा नियम तिने केला होता का, तेही सांगावं.

नवरा राजा म्हणून चांगला नव्हता. आल्या आल्या १८३३ची राज्यघटना रद्द केली, आणि निषेध करणाऱ्या ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांना काढून टाकलं. परीकथावाले ग्रिम बंधू त्या सातांत होते. त्या राजवटीची राणी म्हणून फ्रेडरिकाला जाब विचारायचा असेल तर जरूर विचारा, मी मध्ये पडणार नाही. पण तो प्रश्न कुणी विचारतच नाही! तिच्यावर लिहिलेल्या दहा ओळींत नऊ ओळी अंथरुणाच्या. घटना मोडणाऱ्याची बायको होती हे किरकोळ, तिसऱ्यांदा बायको झाली हे गंभीर.

आणि मग ती तुलना. लुईझे पवित्र, ही पतित. लुईझेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. १८०७ मध्ये टिल्झिटला ती नेपोलियनला भेटली, हाती काही लागलं नाही. चौतिसाव्या वर्षी गेली. तिने स्वतः कधी ही तुलना केली नाही. बहिणीच्या दुसऱ्या लग्नाने ती दुखावली, तरी बहीण टाकली नाही; पत्रं चालू राहिली. तुलना केली ती पुढच्यांनी, आणि तिचं कारण सद्गुणात शोधू नका. ते १८६६ सालात आहे. त्या वर्षी प्रशियाने हनोवर गिळंकृत केलं. प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म हा लुईझेचा मुलगा. हनोवरची गादी गमावलेला आंधळा राजा जॉर्ज हा फ्रेडरिकाचा मुलगा. मावसभावाने मावसभावाचं राज्य घेतलं. १९ जुलै १८७० रोजी, फ्रान्सशी युद्ध पेटलं त्या दिवशी, विल्हेल्म आईच्या समाधीवर गेला. दिवस तिच्या पुण्यतिथीचा. सहा महिन्यांत तो जर्मनीचा सम्राट झाला. सम्राटाची आई पुण्यवानच असावी लागते. पदच्युत राजाची आई कशीही असलेली चालते, किंबहुना जरा वाईटच असलेली बरी. उद्या हनोवरने प्रशिया जिंकला असता तर त्या काकूंना हसायला दुसरी बहीण मिळाली असती, एवढंच.

फ्रेडरिका २९ जून १८४१ रोजी गेली. अर्न्स्ट ऑगस्ट तेव्हा सत्तरीत होता, आणखी दहा वर्षं जगला आणि त्याने पुन्हा लग्न केलं नाही. त्याने हेरेनहाउझेनच्या बागेत तिची समाधी बांधवली. वरची निजलेली मूर्ती करायला त्याने क्रिस्टियान डानिएल राउखला बोलावलं, म्हणजे ज्याने शार्लोटेनबुर्गला लुईझेची मूर्ती केली होती त्यालाच. दोघी बहिणी एकाच हातच्या, एकाच दगडाच्या. राउखने संगमरवरात पाप-पुण्याचा फरक केलेला मला तरी दिसला नाही.

तेव्हा मोजायचंच असेल तर मोजू या, पण सगळ्यांचं. तिच्या रकान्यात तीन लिहा. सासऱ्याच्या रकान्यात राणीखेरीज डाव्या हाताच्या दोन आणि एन्के. क्लॅरेन्सच्या रकान्यात दहा मुलं आणि त्यांच्या आईशी शून्य लग्न, केंटच्या रकान्यात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं आणि त्या बाईशी शून्य लग्न. मग पुन्हा त्या पुतळ्यापुढे उभे राहा, आणि हशा कुठल्या ओळीला येतो ते मला सांगा.